वंशावळीतून गळलेला भाऊ

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या स्टीव्हन्टन या लहानशा खेड्यातील चर्चची, अठराव्या शतकातली विवाहनोंदींची एक वही विंचेस्टरच्या दफ्तरखान्यात जपून ठेवलेली आहे. १७५४ पासून इंग्लंडात लग्ने ठरावीक नमुन्यात नोंदवणे कायद्याने सक्तीचे झाले. नोंद कशी करावी हे पाद्रीबाबांना कळावे म्हणून अशा वहीच्या आरंभी रिकाम्या जागा सोडलेले एक नमुन्याचे पान असे. स्टीव्हन्टनच्या वहीतल्या या पानावर कोणा मुलीने रिकाम्या जागा भरून टाकल्या आहेत. वधू एकच, पण नवरे निराळे. पहिला लंडनचा, चांगली चार नावे लावणारा. दुसरा लिव्हरपूलचा, तोही तसाच भारदस्त. आणि साक्षीदारांच्या जागी येतो तिसरा, अगदी साध्या नावाचा कोणी जॅक स्मिथ, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको म्हणून पुन्हा तीच मुलगी.

ही मुलगी म्हणजे जेन ऑस्टिन. वही तिच्या वडिलांच्या ताब्यात असे, कारण तेच त्या गावचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मोपदेशक होते. पुढे तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या प्रत्येक नायिकेचे लग्न लावून दिले. तिचे स्वतःचे लग्न मात्र त्या नमुन्याच्या पानावरच राहिले. १६ डिसेंबर २०२५ रोजी तिच्या जन्माला अडीचशे वर्षे झाली. त्या निमित्ताने तिच्याविषयी आणि तिच्या घराण्याविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. आजच्या लेखाचा विषय मात्र तिच्या कादंबऱ्या नाहीत, तिची वंशावळ आहे. पाद्र्यांच्या या घराण्याची वंशावळ इतकी बारकाईने मांडली गेली आहे की आपल्याकडच्या एखाद्या सरदार घराण्यालाही हेवा वाटावा. तरीही तिच्यातून एक माणूस गळून पडला होता, आणि तो काही दूरचा नातलग नव्हता, जेनचा सख्खा भाऊ होता. वंशावळ लिहिणारी माणसे काय जपतात आणि काय खाली ठेवून देतात, हे या एका उदाहरणावरून जितके कळते तितके दहा ग्रंथांवरूनही कळणार नाही.

वतन नव्हे, पण वतनासारखे

इंग्लंडातल्या पाद्र्याचे जीवन कसे चाले, हे आधी समजून घेतले पाहिजे. तिथल्या सरकारमान्य चर्चचा धर्मोपदेशक ब्रह्मचारी नसतो. तो लग्न करतो, त्याला मुलेबाळे होतात, त्यामुळे त्याचे घराणे असू शकते. गावच्या रेक्टरला पगार नसे. गावातल्या शेतीच्या उत्पन्नाचा दशांश त्याला मिळे, चर्चच्या मालकीची थोडी जमीन कसायला असे आणि राहायला घर असे. या सगळ्याला मिळून तिकडे 'लिव्हिंग' म्हणत. एकदा मिळाले की ते हयातभर टिके. आपल्याला साहजिकच वतनाची आठवण होते. पण एक मोठा फरक होता. बापाच्या पश्चात ते मुलाला आपोआप मिळत नसे. नेमणुकीचा हक्क बहुधा कोणा जमीनदाराकडे, विद्यापीठातल्या कॉलेजकडे किंवा बिशपकडे असे. हा हक्क मालमत्ता समजला जाई, आणि मालमत्ता म्हटल्यावर तो विकला जाई आणि विकतही घेतला जाई.

जेनच्या वडिलांना, म्हणजे रेव्हरंड जॉर्ज ऑस्टिन यांना, १७६१ मध्ये स्टीव्हन्टन मिळाले ते नात्यातल्या टॉमस नाइट या श्रीमंत जमीनदारामुळे. शेजारचे डीन हे गाव १७७३ मध्ये मिळाले, तेही एका काकांनी नेमणुकीचा हक्क विकत घेऊन ठेवला होता म्हणून. दोन गावांचे उत्पन्न मिळूनही आठ मुलांचा प्रपंच चालेना, तेव्हा या गृहस्थांनी शेती केली आणि घरी मुले ठेवून त्यांना शिकवले.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही, की अशा घरात नातेसंबंध हाच खरा ऐवज असे. कोण कोणाचा चुलतभाऊ, कोणाच्या हाती कुठल्या गावची नेमणूक आहे, कुठला म्हातारा रेक्टर किती दिवस काढील, या गोष्टी तोंडपाठ असणे ही चैन नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न होता. आपली वंशावळ ज्याला ठाऊक तोच पुढे जाई. दुसरी गोष्ट, पाद्र्यांच्या घराण्यांची कागदपत्रे इतरांपेक्षा फार जास्त टिकली. कॉलेजात दाखल झाल्याची नोंद, बिशपने दीक्षा दिल्याची नोंद, गावावर नेमणूक झाल्याची नोंद, असे सगळे निरनिराळ्या दफ्तरांत राहिले. त्याच गावातला शेतमजूर मात्र आयुष्यात तीनदाच कागदावर येई. बाप्तिस्मा झाला तेव्हा, लग्न झाले तेव्हा आणि पुरले तेव्हा. तिन्ही वेळा त्याचे नाव लिहिले जाई ते पाद्र्याच्याच वहीत. थॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या हुकमापासून इंग्लंडातल्या गावोगावच्या चर्चमध्ये अशा वह्या लिहिल्या जात होत्या. साऱ्या गावाची वंशावळ लिहिणारा तो आणि त्याची स्वतःची वंशावळ सर्वांत चांगली राखलेली, असा हा प्रकार होता.

बाईने उभे केलेले घराणे

ऑस्टिन मूळचे केंट परगण्यातले लोकरी कापडाचे व्यापारी. मग हे घराणे शिक्षणाकडे आणि धर्मोपदेशाकडे वळले कसे? छापील वंशवृक्षात याचे उत्तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेघेने दाखवलेले असते. खरे उत्तर त्या रेघेच्या कडेला, एका सुनेच्या नावात आहे. एलिझाबेथ वेलर ही ऑस्टिनांची सून १७०४ मध्ये विधवा झाली. पदरात सहा मुलगे आणि एक मुलगी. सासऱ्याने आपली इस्टेट थोरल्या नातवाच्या नावे केली आणि बाकीच्या नातवंडांना जवळजवळ वाऱ्यावर सोडले. ही बाई रडत बसली नाही. तिने नवऱ्याचे कर्ज फेडले, सेव्हनओक्स या गावी घर घेतले, तिथल्या शाळामास्तरांना आणि विद्यार्थ्यांना जेवूखाऊ घालून ठेवून घेतले आणि त्या बदल्यात आपल्या मुलांची शिक्षणे करून घेतली. तिचा एक मुलगा, फ्रॅन्सिस, नामांकित वकील होऊन गब्बर झाला. दुसरा, विल्यम, शस्त्रवैद्य झाला. हा विल्यम म्हणजे जेनचे आजोबा. एका खानावळ चालवणाऱ्या आईच्या जिद्दीवर पुढच्या पाद्री, बँकर आणि आरमारी अधिकाऱ्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पुढच्या पिढीची कथा आणखी बोलकी आहे. विल्यम १७३७ मध्ये वारला. बायको आधीच गेलेली, आणि सावत्र आईने मुले सांभाळायला नकार दिला. तीन पोरकी भावंडे उरली. फिलाडेल्फिया, जॉर्ज आणि लिओनोरा. आता या तिघांचे काय झाले ते पाहा.

जॉर्ज मुलगा होता. वकील काकांनी हात दिला, टनब्रिजच्या शाळेत तो शिकला, तिथून शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि धर्मोपदेशक झाला. फिलाडेल्फिया मुलगी होती. तिला वयाच्या पंधराव्या वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये टोप्या आणि झालरी शिवणाऱ्या एका बाईच्या हाताखाली उमेदवारीला धाडले. तिथे भविष्य नाही हे तिने ओळखले आणि १७५२ च्या जानेवारीत ती 'बॉम्बे कॅसल' नावाच्या जहाजात चढून हिंदुस्थानकडे निघाली. त्या काळी नवरा मिळवण्याचा तो एक माहितीचा मार्ग होता. सहा महिन्यांहून अधिक प्रवास करून ती मद्रासला उतरली आणि पुढल्या वर्षी कडलूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या हॅनकॉक नावाच्या डॉक्टरशी तिचे लग्न झाले. तिची मुलगी एलिझा १७६१ मध्ये कलकत्त्यात जन्मली. तिचे धर्मपिता होते वॉरन हेस्टिंग्ज, तेच जे पुढे गव्हर्नर-जनरल झाले. त्यांनी या मुलीच्या नावे दहा हजार पौंड ठेवले. एलिझाचे लग्न एका फ्रेंच सरदाराशी झाले, १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला, आणि १७९७ मध्ये तिने आपला मामेभाऊ, म्हणजे जेनचा भाऊ हेन्री, याच्याशी लग्न केले. कलकत्त्यात जन्मलेली मुलगी अशी हॅम्पशायरच्या पाद्र्याची सून झाली.

आणि तिसरी, लिओनोरा? ती लंडनमध्ये पुस्तकविक्रीचा धंदा असलेल्या नातलगांच्या घरी आश्रित म्हणून राहिली. जॉर्जवर प्रकरणे लिहिली गेली, फिलाडेल्फियावर लेख लिहिले गेले. लिओनोरासाठी एक वाक्य पुरते. वंशवृक्षाच्या चित्रात ही तिन्ही नावे एका ओळीत, सारख्याच अक्षरांत छापलेली असतात. वाचणाऱ्याला वाटावे, तिघांनाही सारखेच आयुष्य लाभले असेल.

आठ मुले आणि एक नाव

रेव्हरंड जॉर्ज यांनी १७६४ मध्ये कॅसँड्रा ली हिच्याशी लग्न केले. तीही पाद्र्याचीच मुलगी. तिचे एक काका ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे जवळजवळ साठ वर्षे प्रमुख होते, आणि पूर्वजांपैकी एक जण पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हा लंडनचा लॉर्ड मेयर होता. नवरा विद्वान पण गरीब, बायको खानदानी पण तिच्याजवळही पैसा बेताचाच, असा हा जोडा. त्यांना आठ मुले झाली आणि आठही जगली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

थोरला जेम्स बापाच्या पाठोपाठ पाद्री झाला. एडवर्डचे नशीब वेगळे. ज्या नाइट घराण्याने स्टीव्हन्टनची नेमणूक दिली होती, त्याच्या पुढच्या पिढीला मूलबाळ नव्हते. त्यांनी हा गोड मुलगा दत्तक घेतला. त्याला तीन ठिकाणच्या जमिनी मिळाल्या आणि १८१२ मध्ये त्याने आडनाव बदलून नाइट लावले. मौज अशी की ज्यांनी त्याच्या वडिलांना स्टीव्हन्टन दिले ते टॉमस नाइट जन्माने नाइट नव्हतेच. ते मूळचे ब्रॉडनॅक्स. वारसाहक्कासाठी आधी मे झाले आणि मग नाइट. म्हणजे ज्या आडनावाचा दिमाख मिरवायचा ते रक्तातून आलेले नसून मृत्युपत्रातून आलेले होते. दत्तकविधान ज्यांना परके नाही अशा आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको.

हेन्री आधी फलटणीत गेला, मग बँकर झाला, १८१६ मध्ये बँक बुडाली तेव्हा त्याच वर्षी दीक्षा घेऊन पाद्री झाला. चर्च हा या घराण्याचा शेवटचा आसराही होता. फ्रॅन्सिस आणि चार्ल्स आरमारात गेले. फ्रॅन्सिस ॲडमिरल ऑफ द फ्लीट या सर्वोच्च पदापर्यंत चढला, तर चार्ल्सचा १८५२ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धात इरावती नदीवर आजाराने अंत झाला.

राहिल्या दोघी बहिणी, कॅसँड्रा आणि जेन. कॅसँड्राचे लग्न ठरले होते टॉम फाउल या तरुण पाद्र्याशी. पण त्याला अजून पुरेसे उत्पन्न देणारे गाव मिळाले नव्हते. ज्या सरदाराकडून ते मिळण्याची आशा होती, त्याच्याबरोबर तो फलटणीचा पाद्री म्हणून वेस्ट इंडिजला गेला आणि १७९७ मध्ये तिथे पिवळ्या तापाने वारला. एका गावच्या नेमणुकीची वाट पाहता पाहता एक लग्न राहून गेले. त्याने मागे ठेवलेल्या एक हजार पौंडांचे व्याज कॅसँड्राला जन्मभर पुरवून वापरावे लागले.

स्टीव्हन्टनची गादी मात्र घरातून गेली नाही. जॉर्जनंतर जेम्स, जेम्सनंतर थोडा काळ हेन्री, आणि मग दत्तक गेलेल्या एडवर्डचा मुलगा विल्यम, जो १८७३ पर्यंत होता. १७६१ पासून मोजले तर ११२ वर्षे एका गावावर एकाच घराण्याने धर्मोपदेश केला. पण या गादीवर मुलींचा हक्क नव्हता. १८०१ मध्ये वडिलांनी निवृत्त होऊन बाथला जायचे ठरवले, घर जेम्सच्या हवाली झाले आणि पंचवीस वर्षांची जेन जन्मघरातून उठली. वडिलांची सुमारे पाचशे पुस्तकेही विकली गेली. १८०५ मध्ये वडील वारले, तेव्हा गावचे उत्पन्न त्याच दिवशी थांबले. पाद्र्याच्या विधवेला पेन्शन नव्हती. भावांनी वर्गणी केल्यासारखे पैसे दिले तेव्हा आई आणि दोन मुलींची वर्षाची सुमारे ४५० पौंडांची सोय झाली. चॉटनचे घर १८०९ मध्ये एडवर्डने दिले आणि तिथे बसून जेनने आपली पुस्तके सिद्ध केली. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली ती १९९४ मध्ये. जेनच्या काळी पाद्र्याच्या मुलीपुढे पाद्र्याची बायको होणे किंवा भावांच्या आधाराने राहणे याखेरीज फारसा पर्याय नव्हता.

दुसरा मुलगा

वर सांगितलेली मुले मोजली तर सात भरतात. आठवा कोण?

१७६६ मध्ये जन्मलेला दुसरा मुलगा, बापाचेच नाव मिळालेला जॉर्ज. त्याला लहानपणापासून फिट येत. तो बहुधा नीट बोलत नसावा, कदाचित ऐकूही येत नसावे. जेनच्या १८०८ च्या एका पत्रात, एका ठार बहिऱ्या गृहस्थांशी आपण बोटांनी बोललो असा उल्लेख आहे. ही बोटांची भाषा ती या भावामुळे शिकली असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. १७७० मध्ये वडिलांनी एका नातलगाला लिहिले की या मुलाच्या बाबतीत एवढे एक समाधान आहे, तो वाईट किंवा दुष्ट कधी निघणार नाही. त्याच वर्षाअखेर आईने लिहिले की बिचारा जॉर्ज आज भेटायला आला आहे, बराच काळ बरा होता, पण नुकतीच पुन्हा फिट आली. 'भेटायला आला आहे' हे शब्द ध्यानात घ्यावेत. चार वर्षांचे ते मूल घरी राहतच नव्हते.

आईचा एक धाकटा भाऊही असाच होता. पुढे मामा-भाचे दोघे मंक शेर्बर्न या, काही मैलांवरच्या गावी एका खेडूत कुटुंबात राहिले. त्यांच्या खर्चाचे पैसे वेळच्या वेळी जात. १८२७ मध्ये आई वारली तेव्हा वाटणीत आलेला आपला हिस्सा एडवर्डने या भावाच्या पोषणासाठी दिला. म्हणजे टाकून दिला असे म्हणता येत नाही. त्या काळी वेड्यांच्या आश्रमांची जी दशा होती ती पाहता, खेड्यातल्या मोकळ्या हवेत एका घरात माणसासारखे राहणे पुष्कळ बरे, असेही कोणी म्हणेल आणि ते खोटे ठरणार नाही. आज दोनशे वर्षांनी त्या आईबापांवर न्यायाधीश होऊन बसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पण पोसणे वेगळे आणि आपला म्हणणे वेगळे. जेनची सुमारे १६० पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत शेजारणीच्या टोपीपासून कोंबडीच्या रश्शापर्यंत सगळे आहे. या भावाचे नाव नाही. कॅसँड्राने अखेरच्या काळात पुष्कळ पत्रे जाळली, त्यांत असेलही. राहिलेल्यांत नाही, एवढे खरे.

पुतण्याने लिहिलेले चरित्र

जेन १८१७ मध्ये विंचेस्टरला वारली आणि तिथल्या कॅथीड्रलमध्ये तिला पुरले. तिच्या शिळेवर ती स्टीव्हन्टनच्या कैलासवासी रेक्टरांची धाकटी मुलगी असल्याचे कोरले आहे, तिचे सद्गुण आहेत, तिच्या बुद्धीचीही वाखाणणी आहे. तिने कादंबऱ्या लिहिल्या, हे मात्र नाही. घराण्याच्या लेखी ती आधी पाद्र्याची मुलगी होती. अंत्यविधीला उभ्या असलेल्यांत सर्वांत लहान होता थोरल्या जेम्सचा अठरा वर्षांचा मुलगा. तोही पुढे पाद्रीच झाला. जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली या नावाने, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १८६९ च्या डिसेंबरात त्याने आत्याचे पहिले सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाने जेनला घरोघरी नेले. १८७२ मध्ये त्याच कॅथीड्रलच्या भिंतीवर ती लेखिका होती हे सांगणारी पितळी पाटीही लागली. त्या म्हाताऱ्या पाद्र्याचे ऋण नाकारता येणार नाही.

पण या चरित्रात जेनच्या भावांची ओळख करून देताना त्याने काय केले? थोरला जेम्स. दुसरा एडवर्ड. तिसरा हेन्री. एडवर्ड खरा तिसरा होता. मधल्या जॉर्जची जागा रिकामी ठेवलेली नाही, आजारी होता म्हणून सांगितलेले नाही, बालपणीच गेला अशी थापही मारलेली नाही. नुसते आकडे सरकवले आणि रांग बुजवून टाकली. हा काका एकाहत्तर वर्षे जगून १८३८ मध्ये वारला होता. लेखक तेव्हा चाळिशीला टेकलेला, त्याला ते ठाऊक नसणे शक्य नव्हते. एखाद्या सज्जन, प्रेमळ, देवभीरू माणसाच्या हातूनही घराण्याची अब्रू राखण्याच्या भरात असे होऊ शकते, हेच या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. त्याने आत्यावर माया केली म्हणूनच चरित्र लिहिले, आणि त्याच मायेपोटी चित्र स्वच्छ केले.

जॉर्ज मग परत सापडला कसा? नोंदींमुळे. बाप्तिस्म्याची नोंद होती. आईबापांची ती दोन पत्रे घरच्या कागदांत राहिली होती. पैसे दिल्याचे उल्लेख होते. दफनाची नोंद होती. १८३७ पासून इंग्लंडात सरकारी जन्ममृत्यू-नोंदणी सुरू झाली होती, त्यामुळे मृत्यूचा दाखलाही होता. मंक शेर्बर्नच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले, त्या जागेवर दगड बसवला नाही. पण ज्या खेडूत घराने त्याला सांभाळले त्यातला एक जण मृत्यूची खबर द्यायला गेला, तेव्हा दाखल्यावर त्याची ओळख लागली ती 'जंटलमन' म्हणून. सभ्य गृहस्थ! कुलवंतांच्या चरित्राने ज्याला ओळीतून काढले, त्याला त्या साध्या माणसाने एका शब्दात त्याची जागा परत दिली.

वहीचा न्याय

मला वाटते, वंशावळ आणि नोंदवही यांतला फरक इथे नेमका कळतो. वंशावळ घराणे लिहिते, आणि घराण्याला काय हवे ते तीत येते. नोंदवही गाव लिहिते. तिला रेक्टरच्या मुलीला एक ओळ आणि गवंड्याच्या मुलीला एक ओळ. ज्याला सही येत नाही त्याची फुली, पण तीही त्याच चौकटीत. त्या वहीला अभिमान नसतो म्हणूनच ती कोणाला लपवत नाही. जेनला लहानपणी त्या वहीत खोटे नवरे लिहून ठेवावेसे वाटले, यात एक गंमत आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिने एका कोणा जॅक स्मिथला चार-चार नावांच्या उमरावांच्या पानावर आणून बसवले. वहीचा स्वभाव तिला कळला होता.

गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी या घराण्याच्या आणखी काही नोंदी बाहेर काढल्या आहेत. जेनचे वडील १७६० मध्ये अँटिग्वा बेटावरच्या एका ऊसमळ्याच्या व्यवहारात विश्वस्त म्हणून नोंदले गेले होते. तो मळा गुलामांच्या कष्टावर चालणारा. आणि त्यांचाच मुलगा रेव्हरंड हेन्री १८४० मध्ये लंडनला भरलेल्या गुलामगिरीविरोधी जागतिक परिषदेला प्रतिनिधी म्हणून गेला होता. एका पिढीत हे आणि दुसऱ्या पिढीत ते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या म्हणून या घराण्याची किंमत कमी होत नाही. उलट ती माणसे खरी वाटू लागतात. गुळगुळीत केलेल्या वंशावळीतली माणसे संगमरवरी पुतळ्यांसारखी असतात. त्यांच्याशी आपले नाते जुळत नाही.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे आहे असे कोणी समजू नये. कुलवृत्तांत लिहिण्याची आपल्याकडेही चांगली परंपरा आहे. घराण्याघराण्यातल्या निवृत्त मंडळींनी पदरमोड करून, गावोगाव पत्रे पाठवून, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळून हे ग्रंथ सिद्ध केले. आता तर चुलत-आते-मामे भावंडांना फोनवर एकत्र आणून हे काम पुन्हा जोमाने सुरू झालेले दिसते. चांगलीच गोष्ट आहे. पण अशा ग्रंथाची पाने उलटताना मनात येते की यातले जॉर्ज कुठे आहेत? कित्येक जुन्या वंशावळींत मुलींची नावे नाहीत, 'तीन मुलगे, दोन कन्या' एवढ्यावर काम भागवलेले. बालविधवा होऊन माहेरी परतलेली आणि पन्नास वर्षे माजघरात राबलेली आत्या नाही. 'थोडा अधू होता' एवढ्याच शब्दांत ज्याच्याविषयी कुजबुज होई तो काका नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून ज्याची रेघ तिथेच थांबवली तो भाऊ नाही. त्यांच्यासाठी कोणी दुष्टपणा केला असे नव्हे. कोणीतरी प्रेमाने, घराण्याच्या अब्रूसाठी, आकडे सरकवले.

घरात अजून ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. कीर्तिवंतांविषयी नको, ती माहिती कुठेही मिळते. भिंतीवर ज्यांचा फोटो कधी लागला नाही त्यांच्याविषयी विचारावे. प्रश्न ऐकून आजी जरा थांबेल, पदराने चष्मा पुसेल, आणि मग एखादे असे नाव सांगेल जे त्या घरात कित्येक वर्षांत कोणी उच्चारले नसेल. ते लिहून ठेवावे. किती शिकला, काय कमावले, या रकान्यांत काही भरता आले नाही तरी चालेल. क्रमांक मात्र सरकवू नये. दुसरा होता तर दुसराच लिहावा.